दर्या, दऱ्या

एकच ओळ होती.
रात्रीचा सव्वा वाजलेला, रावपुऱ्यात
शेवटचं शटर पडलेलं,
आणि मी माझीच दुरुस्ती
माझ्याच हाताने मुख्य शाखेत ढकलली.
तपासायचं कोणी? मीच तर मालक.
मालक कसला, फुकटचा राखणदार:
जुन्या छापखान्यांच्या फायली
युनिकोडात आणणारं एवढंसं अवजार,
कोणीही न्या, कोणीही सुधारा.

सकाळी कोल्हापूरहून एकाने लिहिलं,
"साहेब, आमच्या गिर्यारोहणाच्या पुस्तकात
सह्याद्रीला समुद्र आलाय."
पान सतरा: आम्ही दोर बांधून दर्यांत उतरलो.
दुपारी कुठल्याशा मठाच्या हिशेबनिसाचा निरोप,
चार आचाऱ्यांचा पगार
वहीत चार आचार्यांच्या नावे चढलाय.
आचारी चिडलेत,
आचार्य गप्प आहेत.

मी हसलो. मग ते हसू घशाखाली उतरेना.

बाबांना सांगितलं नाही.
एकतीस वर्षं त्यांनी प्रुफं वाचली,
दांडिया बाजारात, ट्रेडलच्या धडधडीशेजारी.
मूळ प्रत वाचायला एक पोरगा असे,
तो विरामचिन्हंही खणखणीत वाचायचा:
कळावे स्वल्पविराम लोभ असावा पूर्णविराम.
लाल शाईची सही पडेतो
फर्मा मशीनवर चढत नसे.
एकदा छापखान्याच्या मालकाच्याच मुलीची लग्नपत्रिका
त्यांनी अडवून ठेवली,
व्याह्यांच्या आडनावातल्या एका रफारासाठी.
मालक ओरडला. मुहूर्त जवळ आला.
पत्रिका थांबली.

खालच्या मजल्यावरचा वत्सल पारेख,
वय एकोणीस, मराठी शून्य,
सेव-उसळीचा रस्सा पुसत म्हणाला,
"काका, ए तो मशीन करशे."
रविवारभर बसून त्याने तपासणी लावली.
कोणीही काहीही पाठवो,
आधी दोनशे बारा शब्द त्यातून जातील,
जसेच्या तसे बाहेर पडले
तर दार उघडेल.
शब्द मी दिले. दर्या. दऱ्या.
आचार्यांना, आचाऱ्यांना.
कऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, वाऱ्यावर.
अर्थ त्याने विचारले नाहीत,
यंत्रानेही नाहीत.
फक्त पहिल्या दोघांवर बोट ठेवून,
"ए बे जुदा छे ने?"
जुदा, म्हटलं. अगदी जुदा.

शेवटी एक चौकट उरली:
हा नियम मालकालाही लागू?
माझा हात माऊसवर तसाच.
वत्सल पाणी प्यायला गेला, आला,
तरी तसाच.
मग ती लग्नपत्रिका आठवली
आणि खूण केली.

आता परभणीची एक मुलगी,
जिचा चेहरा मला माहीत नाही,
मध्यरात्री बदल पाठवते.
मी घोरत असतो.
पिवळा ठिपका फिरतो, फिरतो, लाल होतो:
हवं होतं गुऱ्हाळ, आलं गुर्हाळ, ओळ चौऱ्याऐंशी.
ती रागावत नाही. ठिपक्यावर कोण रागावणार?
पहाटे पुन्हा पाठवते, हिरवा.
मी चहा घेऊन बसतो
तेव्हा विचारायला खरे प्रश्न उरलेले असतात:
हे नाव असं का ठेवलंस,
हे कुणाच्या उपयोगाचं आहे,
परीक्षा कशी गेली.

काल माझाच बदल अडला.
एकच ओळ होती.
बाबांना हल्ली पडदा धूसर दिसतो,
माझ्या खुर्चीच्या कुरकुरीवरून त्यांना कळतं.
"काय झालं?"
"अडवलं."
"कोणी?"
"आपल्याच यंत्राने."
"कशावर?"
"वाऱ्यावर."
ते थोडं थांबले,
जणू समोर ओलं प्रूफ धरलंय
आणि शाई वाळायची आहे.
"बरोबर अडवलं?"
"बरोबर."
"मग झोप आता," म्हणाले,
"सकाळी बघ."